कुत्र्याच्या अंगावर गाठ सापडली: बोटांचा अंदाज, सुईचा निकाल

'मऊ आहे, बोटांखाली सरकते, दाबलं तरी कुत्रा कुरकुरत नाही. म्हणजे चरबीची गाठ. काळजी नको.' कुत्र्याला गाठ आली की घरचे, शेजारचे, फिरायला भेटणारे इतर कुत्रेवाले, सगळे हेच सांगतात. कधी कधी घाईत असलेले डॉक्टरसुद्धा. बहुतेक वेळा ते खरंही निघतं, आणि घोळ तिथेच होतो. पुष्कळदा बरोबर ठरलेला सल्ला ज्या दिवशी चुकतो त्या दिवशी कुणालाच शंका येत नाही. कुत्र्यांच्या कातडीच्या कर्करोगांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा मास्ट सेल ट्यूमर हाताला थेट चरबीच्या गाठीसारखा लागू शकतो: मऊ, सरकणारा, न दुखणारा. आयुष्यभर कुत्री तपासलेले डॉक्टरही नुसत्या हाताने या दोन गोष्टी खात्रीने वेगळ्या करू शकत नाहीत. मग आपण कोण?

म्हणून कामाची वाटणी आधीच करून टाकू. गाठ शोधायचं आणि तिची नोंद ठेवायचं काम आपल्या हातांचं. ती कसली आहे हे ठरवायचं काम सुईचं, म्हणजे गाठीतल्या पेशी सुईने काढून तपासण्याचं. या दोन कामांची सरमिसळ झाली की एक तर उगाच झोप उडते, नाहीतर उगाच महिने वाया जातात.

आधी ती गाठच आहे ना, ते बघा

नर कुत्र्यालाही स्तनाग्रं असतात. हे वाक्य वाचून हसू येईल, पण पोटावर 'रांगेने बारीक गाठी आल्यात' म्हणून घाबरून दवाखाना गाठणारे लोक खूप असतात. छातीच्या पिंजऱ्याच्या शेवटी, मधोमध, एक निमुळतं कूर्चेचं टोक हाताला लागतं, तेही जन्मजात. सगळ्यात मागची बरगडी पुढच्या बरगड्यांना जोडलेली नसते, त्यामुळे तिचं टोक बारीक अंगाच्या कुत्र्यात गाठीसारखं टोचतं. डोक्यावर, दोन कानांच्या मधे मागच्या बाजूला उंचवटा असतो. काही जातींत तो चांगलाच वर येतो. खांद्यांच्या मधे कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढं काही कडक लागलं तर मायक्रोचिप बसवली होती का ते आठवा. आणि नर कुत्रा उत्तेजित झाला की लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना फुगवटा येतो, तो थोड्या वेळाने उतरतो. याच्यासाठी रात्री अपरात्री डॉक्टरांना फोन करणारेही आहेत, आणि डॉक्टर बिचारे न हसता समजावतात.

सोपी युक्ती: दुसऱ्या बाजूला अगदी त्याच जागी हात लावा. तिथेही तसंच लागलं तर बहुधा ती शरीराची रचनाच आहे. 'बहुधा' म्हणतोय, कारण लिंफ ग्रंथींचा एक अपवाद आहे, तो पुढे येईल.

गोचीड हा आणखी एक फसवा प्रकार. रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड करड्या चामखिळीसारखी दिसते. केस बाजूला करून, टॉर्च धरून, ती कातडीला टेकते तिथे नीट बघा. बारीक पाय दिसतात. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. तिच्या जागी छोटीशी कडक पुळी काही दिवस राहते, तिलाही गाठ समजू नका. महिनाभरात गेली नाही तर मात्र दाखवा.

ज्यांना थांबायला वेळ नाही

बहुतेक गाठी दोन-चार दिवसांनी दाखवल्या तरी चालतात. या चालत नाहीत:

तोंड, पापण्या, नाकाभोवतीचा भाग एकदम सुजला, अंगभर चट्ट्यांसारखे फुगवटे उठले आणि त्यासोबत उलट्या, धाप, अशक्तपणा किंवा फिकट हिरड्या दिसल्या, तर ही तीव्र अ‍ॅलर्जी आहे, लगेच निघा. पिल्लाच्या बेंबीवर किंवा जांघेत मऊ फुगवटा असेल आणि तो दाबल्यावर आत जात असेल तर तो हर्निया. सवडीने दाखवता येतो. तोच फुगवटा कडक झाला, दुखायला लागला, आत जाईना आणि पिल्लू ओकायला लागलं, तर आतडं अडकलेलं असू शकतं. गळ्याजवळच्या सुजेमुळे गिळता किंवा श्वास घेता येत नसेल तर वाट बघू नका. पिल्लं पाजणाऱ्या कुत्रीचं थान गरम, लालसर-जांभळं, कडक झालं असेल तर त्याच दिवशी दाखवा, आणि पिल्लांच्या दुधाची दुसरी सोय बघा.

एका रात्रीत आलेली, गरम, दुखरी, कुत्र्याला सुस्त करणारी गाठ बहुतेक वेळा गळू असते. भांडणातल्या चाव्याची वरची जखम चटकन बुजते आणि आत पू साठत जातो. त्यात जीवाला लगेच धोका नसला तरी ताप चढतो. तेव्हा तेही आजउद्यावर ढकलू नये.

नोंद: कंटाळवाणी, पण निम्मं काम हेच

'थोडी वाढल्यासारखी वाटते' या वाक्याचा डॉक्टरांना काहीही उपयोग नसतो. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही आणि महिन्याने बघणाऱ्याला मागची आठवत नाही. म्हणून मोजा. साधी प्लॅस्टिकची पट्टी चालते, कॅलिपर असेल तर उत्तम. कुत्रा दरवेळी एकाच पद्धतीने उभा किंवा आडवा असू द्या, कारण कुशीवर झोपलेल्या कुत्र्याची कातडी सैल पडते आणि पोटाजवळची गाठ वेगळीच लागते. लांबी आणि रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. केस दाट असतील तर मोजण्याआधी पाण्याचा हात फिरवून केस दाबून बसवा.

जागा लिहिताना 'डावीकडे, पोटाजवळ' असं लिहू नका. सहा महिन्यांनी तिथे शेजारी दुसरी गाठ आली की पंचाईत होते. हाडाचा आधार घ्या: 'डावी बाजू, शेवटच्या बरगडीच्या तीन बोटं मागे, पाठीच्या कण्यापासून एक वीत खाली.' कागदावर कुत्र्याची डावी, उजवी आणि खालची अशा तीन ढोबळ आकृत्या काढून त्यांवर आकडे टाका: १, २, ३. मोबाईलमध्ये फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा आणि एक फोटो लांबून घ्या, नाहीतर नंतर नुसती केसाळ कातडी दिसते आणि ती कुठली हे कळत नाही. आमच्या म्हाताऱ्या लॅब्रेडॉरच्या अंगावर इतक्या गाठी आहेत की त्याचा कागद नकाशासारखा दिसतो, आणि दवाखान्यात त्याच्याआधी त्या कागदाचीच विचारपूस होते.

मापाशिवाय आणखी तीन गोष्टी टिपा. एक, चिमटीत कातडी उचला: गाठ कातडीसोबत वर येते, की कातडी वर येते आणि गाठ खालीच राहते? दोन, खालच्या भागावर ती सरकते, की स्नायूला किंवा हाडाला चिकटल्यासारखी घट्ट आहे? तीन, वरची कातडी कशी आहे: केस गळलेले, लाल, चिघळलेली, की अगदी नेहमीसारखी?

आणि ती मोठी-लहान होते का? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सकाळी फुगलेली, संध्याकाळी उतरलेली, हात लावल्यावर लाल होणारी, आजूबाजूला सूज आणणारी गाठ असेल तर मास्ट सेल ट्यूमरचा संशय आधी घ्या. त्या पेशींमध्ये हिस्टामिनने, म्हणजे सूज आणणाऱ्या रसायनाने, भरलेले कण असतात. चोळलं, खाजवलं की ते फुटतात आणि भोवतालचा भाग सुजतो. लोक नेमकं उलटं समजतात: 'कमी झाली ना, म्हणजे बरी होतेय.' कमी-जास्त होणं हे तिथे बरं होण्याचं लक्षण नाही. अशा गाठीला चोळू नका, शेकू नका, सारखी दाबून बघू नका.

हाताला काय काय लागू शकतं

खाली जे लिहितोय ते अंदाज बांधायला, निदान करायला नव्हे.

चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, मध्यम वयानंतर आणि वजनदार कुत्र्यांत जास्त. छाती, पोटाच्या बाजू, काख ही तिची आवडती ठिकाणं. कातडीखाली मऊ, गोलसर, सावकाश वाढणारी. ती कर्करोग नाही आणि पुढे कर्करोगात बदलते म्हणून घाबरायचंही कारण नाही. त्रास फक्त जागेचा: काखेत मोठी झाली तर पाय टाकताना अडते. क्वचित ती स्नायूंमध्ये शिरत जाते, तेव्हा काढणं अवघड होतं.

तीन वर्षांखालच्या कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर गुलाबी, बिनकेसांचा, बटणासारखा गोल उंचवटा झपाट्याने आला तर तो हिस्टिओसायटोमा असण्याची शक्यता बरीच. दिसायला भयंकर, पण साधारण दोन-तीन महिन्यांत आपोआप विरतो. तरीही सुई टोचून घ्या, कारण दिसायला असाच मास्ट सेल ट्यूमरही असतो. तरुण कुत्र्याच्या ओठांवर, तोंडात खरबरीत चामखिळींचा घोस आला तर तो विषाणूचा पॅपिलोमा. इतर कुत्र्यांना लागतो, माणसांना नाही, आणि बहुधा एक ते तीन महिन्यांत जातो. तोवर पाण्याची भांडी वेगळी ठेवा. म्हाताऱ्या कुत्र्यांच्या, विशेषतः कॉकर स्पॅनियल आणि पूडलच्या, अंगावर येणाऱ्या मेणचट चामखिळी तैलग्रंथींच्या असतात. रोग म्हणून किरकोळ, पण कातर लागून रक्ताळल्या की डोकेदुखी.

सिस्ट म्हणजे पिशवी. दाबली तर पांढरट-करडा, घट्ट, वास मारणारा लगदा बाहेर येतो. दाबायचा मोह फार होतो, तो आवरा. पिशवी बाहेरच्या बाजूला फुटली तर ठीक, पण ती आत, कातडीखाली फुटली तर शरीर त्या लगद्याशी काट्यासारखं झगडतं आणि साधी गाठ चिघळलेल्या जखमेत बदलते.

आता ज्यांना मी थोडाही वेळ देणार नाही त्या. पहिली, कुत्रीच्या स्तनांमधली कुठलीही गाठ, बारीक खड्याएवढी असली तरी. कुत्रीला साधारण पाच जोड्या स्तन असतात आणि शेवटच्या दोन जोड्यांत गाठी जास्त येतात. तिथल्या गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या घातक निघतात. लवकर नसबंदी केलेल्या कुत्रीत हा आजार पुष्कळ कमी दिसतो. दुसरी, गुदद्वाराच्या शेजारची. नसबंदी न झालेल्या म्हाताऱ्या नरात तिथे येणारी गाठ बहुधा संप्रेरकांवर पोसलेली आणि सौम्य असते, नसबंदीनंतर ती आकसतेही. पण गुदग्रंथीतला कर्करोगही तिथेच असतो. तो रक्तातलं कॅल्शियम वाढवू शकतो, मग कुत्रा सारखा पाणी पितो आणि सारखा लघवीला जातो. गाठ आणि तहान यांचा संबंध कुणाच्या मनातही येत नाही, म्हणून मुद्दाम सांगितलं. तिसरी, तोंडातली आणि बोटाच्या नखाशी आलेली. कातडीवरच्या काळ्या गाठी पुष्कळदा निरुपद्रवी असतात. तशाच काळ्या गाठी हिरडीवर किंवा नखाच्या मुळाशी असल्या तर त्यांचा स्वभाव वेगळा असतो. चौथी, मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायावर हाडाइतका कडक फुगवटा आणि सोबत लंगडणं. पुढच्या पायात मनगटाच्या वर किंवा खांद्यापाशी, मागच्या पायात गुडघ्याच्या आसपास. इथे आधी एक्स-रे. 'मुरगळला असेल' म्हणून वेदनाशामकावर आठवडे काढू नयेत.

नर किंवा मादी, कुणाच्याही जननेंद्रियातून थेंब थेंब रक्त येत असेल आणि आत लालसर, ठिसूळ मांस दिसत असेल तर तो समागमातून पसरणारा ट्यूमर असू शकतो. नाव ऐकून घाबरायला होतं, पण व्हिनक्रिस्टिन या केमोथेरपीच्या औषधाच्या दर आठवड्याच्या इंजेक्शनांनी तो बहुतेक कुत्र्यांत पूर्ण बरा होतो. तेव्हा लाजून घरी बसू नका.

आणि लिंफ ग्रंथी. मघाशी म्हटलेला अपवाद हाच. जबड्याच्या कोपऱ्याखाली, खांद्याच्या पुढे, आणि मागच्या पायात गुडघ्याच्या बरोबर मागे, अशा तीन जागी त्या चाचपता येतात. दोन्ही बाजूंना सारख्याच मोठ्या झाल्या म्हणून 'रचनाच असेल' म्हणू नका. अनेक ठिकाणच्या ग्रंथी एकदम, न दुखता, कडक होऊन वाढल्या तर लिंफोमाचा, म्हणजे लिंफ पेशींच्या कर्करोगाचा, विचार करावा लागतो. गोचीडतापातही त्या वाढतात, म्हणून रक्ततपासणी आणि सुई दोन्ही लागतात. जबड्याखालच्या लाळग्रंथीला लिंफ ग्रंथी समजणं ही मात्र नेहमीची गफलत. कुत्रा धडधाकट असताना तिन्ही जागा एकदा चाचपून ठेवल्या तर नेहमीचं काय आणि वेगळं काय ते हाताला कळतं.

सुई

पटकन लक्षात राहील असा ठोकताळा: गाठ १ सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी असेल, किंवा महिनाभर तिथेच असेल, तर सुई. वर सांगितलेल्या 'वेळ न देण्याच्या' जागांना हा ठोकताळा लागू नाही, तिथे दिसली की सुई.

या तपासणीला डॉक्टर एफएनए किंवा एफएनएसी म्हणतात. करतात काय तर साधी इंजेक्शनची बारीक सुई गाठीत घालून दोन-तीन दिशांना हलवतात, सुईत आलेला अंश काचेच्या स्लाइडवर फुंकतात आणि दुसऱ्या काचेने पसरवतात. बहुतेक कुत्र्यांना भूल लागत नाही, टोचल्याचं दुःख लसीइतकंच. स्लाइड हातात घेऊन तिरप्या उजेडात बघायला मिळाली तर जरूर बघा. चरबीच्या गाठीतून आलेला थेंब तेलकट चकाकतो आणि कितीही वेळ ठेवला तरी वाळत नाही. पुढे रंग देताना अल्कोहोलमध्ये ती चरबी विरघळून जाते आणि सूक्ष्मदर्शकाखाली स्लाइड रिकामीच दिसते. म्हणून अनुभवी डॉक्टर आधी नुसत्या डोळ्यांनी तेल दिसलं का ते टिपतात. मास्ट सेल असल्या तर उलट चित्र: गोल पेशी, आणि त्यांच्या पोटात जांभळ्या कणांची गच्च गर्दी. हे इतकं ठळक असतं की पुष्कळदा तिथल्या तिथेच कळतं.

टोचल्यावर गाठ लाल झाली, सुजली, तर तसं लगेच सांगा. आधीच मास्ट सेलचा संशय असेल तर डॉक्टर टोचण्यापूर्वी अँटीहिस्टामिन देतात. घरी असेल ती गोळी अंदाजाने देऊ नका.

सुईलाही मर्यादा आहेत. काही गाठी पेशी सोडतच नाहीत. स्नायू-तंतूंच्या घट्ट गाठींमधून पुष्कळदा नुसतं रक्त येतं. अहवालात 'निदानायोग्य पेशी मिळाल्या नाहीत' असं आलं तर त्याचा अर्थ 'काही नाही' असा होत नाही. पुन्हा टोचायचं, नाहीतर तुकडा काढून बायोप्सी करायची. स्तनातल्या गाठीत सुईवरून सौम्य की घातक हे नीट ठरत नाही, तिथे सहसा गाठ काढूनच तपासतात. आणि एका गाठीचा निकाल दुसरीला लावता येत नाही. नकाशातल्या १, २, ३ चरबीच्या निघाल्या म्हणून ४ नंबर त्यांची बहीण ठरत नाही. प्रत्येकीला वेगळी सुई. खर्च वाढतो, कंटाळा येतो, पण यात काटकसर करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

डॉक्टर 'थांबून बघू' म्हणाले तर विचारायचं: किती मोठी झाली तर परत येऊ, आणि कोणत्या तारखेला? आकडा आणि तारीख मिळाली तर थांबणं हा उपचार आहे. न मिळाल्यास ती टाळाटाळ.

काढायची ठरली तर

काय आहे हे न कळता गाठ कापून काढणं हा शहाणपणा नाही, कारण किती कापायचं ते गाठीच्या प्रकारावर ठरतं. लायपोमा अलगद सोडवून काढता येतो. मास्ट सेल ट्यूमरला मात्र चारही बाजूंनी निरोगी कातडीचा पट्टा आणि खालचा एक थर सोबत घ्यावा लागतो. पायांवर आणि धडावर येणारे मऊ ऊतींचे सार्कोमा (कर्करोगाचाच एक प्रकार) फार हळू वाढतात, दूर पसरायची घाई करत नाहीत, पण त्यांचे धागे आजूबाजूला शिरलेले असतात. वरवर काढलं तर हरळीसारखे पुन्हा उगवतात. पहिल्या शस्त्रक्रियेत जी संधी असते ती दुसऱ्यात नसते, तेव्हा आधी सुई आणि मग सुरी.

काढलेली प्रत्येक गाठ हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, गेलीच पाहिजे. 'दिसायला साधीच होती, टाकून दिली' हे ऐकून घ्यायची वेळ येऊ नये म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवून टाका. एकापेक्षा जास्त गाठी काढल्या तर प्रत्येकीची बाटली वेगळी आणि नकाशातला आकडा तिच्यावर लिहिलेला. नाहीतर अहवालात एक घातक निघते आणि ती कुठली होती हेच कळत नाही.

अहवालात दोन गोष्टी शोधा. मार्जिन: कडेपर्यंत रोगट पेशी पोचल्या आहेत का. आणि ग्रेड: रोग किती आक्रमक आहे. मास्ट सेलसाठी १९८४ पासूनची तीन पायऱ्यांची आणि २०११ मध्ये आलेली 'लो' आणि 'हाय' अशी दोन पायऱ्यांची, या दोन्ही पद्धती वापरतात. अहवालात दोन वेगवेगळी नावं दिसली तर गोंधळू नका, एकच गोष्ट दोन मापांनी मोजलेली असते. लो ग्रेड आणि मार्जिन स्वच्छ असेल तर पुष्कळ कुत्र्यांना पुढे काहीच लागत नाही.

'आता वय झालंय, कशाला भूल द्यायची' हा युक्तिवाद अर्धाच खरा. भुलेचा धोका हृदय, मूत्रपिंड आणि यकृताच्या प्रकृतीवर ठरतो, वाढदिवसावर नाही. आधी रक्त तपासा, छातीचा एक्स-रे काढा, मग ठरवा. उलट, म्हाताऱ्या कुत्र्याचा सिद्ध झालेला लायपोमा जागच्या जागी ठेवणं हाही पूर्ण शहाणा निर्णय असतो, आणि तेवढ्यासाठी कुणी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला तर कारण विचारा.

काढली, तरी परत येते

खरी दमछाक इथे होते. परत आलेल्या गाठीला आधी एक प्रश्न: त्याच जागी, की दुसरीकडे?

त्याच जागी, टाके घातल्यानंतर पहिल्या काही दिवसांत, मऊ, पाणी भरल्यासारखी आली तर तो बहुधा सिरोमा: कापलेल्या पोकळीत साठलेला द्रव. कुत्र्याची धावपळ थांबवली की शरीर तो शोषून घेतं. त्यात घरी सुई घालून संसर्ग आत नेऊ नका. काही महिन्यांनी टाक्याच्या रेषेवर कडक गाठ आली तर जुना अहवाल काढा, मार्जिन बघा आणि पुन्हा सुई. सिस्ट परत आली तर पिशवीचं अस्तर आत राहिलेलं असतं.

गळू त्याच जागी तिसऱ्यांदा फुटत असेल तर अँटिबायोटिक बदलत बसण्यात अर्थ नाही. आत काहीतरी आहे: गवताचं कुसळ, लाकडाची चीप, तुटलेला दात. डोळ्याखालचा गाल पुन्हा पुन्हा सुजतो तेव्हा वरच्या मोठ्या दाढेचं मूळ सडलेलं असतं, आणि मालक महिनोन्‌महिने गालावर मलम चोळत असतो. गाल शेकून ती दाढ बरी होणार नाही.

बोटांच्या बेचक्यात लाल, रक्ताळ फोड येतात, फुटतात, बरे होतात, पुन्हा येतात. इथे फोड हा शेवटचा टप्पा. मूळ कारण बहुधा अ‍ॅलर्जीमुळे सतत पाय चाटणं, वाढलेलं वजन, पंजाची वाकडी ठेवण, किंवा डेमोडेक्स नावाचे, कातडीत राहणारे सूक्ष्म किडे. आखूड, राठ केसांच्या जातींत केस उलटे कातडीत घुसतात. कातडी खरवडून किडे तपासल्याशिवाय आणि अ‍ॅलर्जीचा माग काढल्याशिवाय हे थांबत नाही. कानाची पाळी पुन्हा पुन्हा रक्ताने फुगते, कारण कान आतून खाजतोय म्हणून कुत्रा डोकं झटकतो. पाळीतलं रक्त काढलं आणि कान तसाच ठेवला तर ती परत फुगणार. मोठ्या कुत्र्याच्या कोपरावरची पाण्याची पिशवी कडक फरशीमुळे येते. जाड, मऊ गादी टाका. टोचून पाणी काढल्याने उलट संसर्ग होतो.

दुसऱ्याच जागी नवी गाठ येत असेल तर तो बहुधा 'पसरलेला' रोग नसतो. लायपोमा येणाऱ्या कुत्र्याला ते येतच राहतात. बॉक्सर, पग, बोस्टन टेरिअर यांना मास्ट सेल ट्यूमरही आयुष्यात अनेकदा, एकमेकांशी संबंध नसलेले, येऊ शकतात. या जातींत नव्या गाठीला महिनाभराची मुदतसुद्धा देऊ नका.

हे करू नका

चामखिळीच्या मुळाशी दोरा बांधून ती 'गळवणं' माणसांत चालतं असं म्हणतात. कुत्रा तो दोरा चावून काढतो आणि सोबत कातडीही. तपासणीसाठी पाठवायला काही उरत नाही ते वेगळंच. गाठ जाळणारी मलमं लावू नका, वरचा भाग जळतो आणि खालचा वाढत राहतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका; आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात अल्सर होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही: निदानाआधी स्टेरॉइड नको. स्टेरॉइडने लिंफोमाच्या ग्रंथी आणि मास्ट सेलच्या गाठी झपाट्याने आकसतात. सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. मग सुईत नीट पेशी सापडत नाहीत, आणि लिंफोमा असेल तर पुढच्या केमोथेरपीचा परिणामही कमी होतो. 'सूज उतरायला' म्हणून इंजेक्शन द्यायची तयारी दिसली तर 'आधी टोचून स्लाइड घेऊया का?' एवढं विचारा. चांगले डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत.

अहवाल यायला काही दिवस लागतात. तेवढ्यात कुत्रा टोचलेली किंवा टाके घातलेली जागा चाटणार नाही याची काळजी घ्या. गळ्यातली प्लॅस्टिकची कॉलर त्याला आवडत नाही, दारांना आपटतो, तरी ती काढायची नाही. जेवतानाही त्रास होत असेल तर भांडं थोडं उंचावर ठेवा. चरबीच्या ठरलेल्या गाठी दर महिन्याला त्याच पट्टीने मोजत राहा. एखादी एकदम वाढली, कडक झाली किंवा खालच्या भागाला चिकटली तर तिला पुन्हा सुई, मागचा अहवाल कितीही चांगला असला तरी.